सुखी कामगारांचा सिनेमा

बाराखडी यायच्या आधी मला ओठ वाचता येत होते. यात माझी हुशारी काही नाही. साचेखात्यात काम करणाऱ्यांच्या घरी पोर रांगता रांगताच ते शिकायचं. साचेखातं म्हणजे गिरणीतला कापड विणायचा विभाग. एका छपराखाली शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच वेळी खडखडत, तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता, ओठ चांगले मोठे हलवून बोलत. चार ओळी पलीकडच्या माणसाकडे तंबाखू मागत, जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, त्याच्या तोंडावर शिव्या घालत, मुलीचं लग्नसुद्धा तिथेच ठरवत. ही सवय मग घरी यायची. आमची परळची खोली लहान, शेजारच्या खोलीला मध्ये नुसती फळ्यांची भिंत, म्हणून आईबाबांना भांडायचं झालं की ते ओठांनी भांडत. चुलीवर कुळथाची पिठी रटरटतेय, बाहेर नळावर बायकांचा कालवा चाललाय, आणि आत हे दोघं तोंडं उघडमीट करत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. शेजाऱ्यांना वाटायचं, काय गुण्यागोविंदाचं घर आहे! मी पाटी घेऊन कोपऱ्यात बसलेली असे आणि सगळं वाचत असे. आईने मला कितीदा तरी म्हटलं होतं, "तुझे डोळे बांधून ठेवूक व्हये." पण मनातून तिला कौतुक होतं. नळावर ती सांगायची, आमचं चेडू पाठमोऱ्या माणसाचंसुद्धा वाचील.

मला यात तयार केलं ते गोविंदकाकांनी. काका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि त्यांचे साचे बाबांच्या साच्यांना लागून होते. दोघं एकाच गावचे, मालवणकडचे, एकाच वर्षी गिरणीत लागलेले. पाळी संपवून आले की काका गॅलरीत टेकून बसत, मला समोर उभी करत आणि आवाज न काढता एकेक शब्द उच्चारत. ओळखला तर शेंगदाणा. मला सगळे शब्द यायला लागले तसे ते तोंड वाकडं करून बोलायला लागले, मग ओठ जेमतेम हलवून, मग विडी तोंडात धरून. तेही मला यायला लागलं. "काय गो चेडवा, आज शाळेत मार खाल्लंस की नाय?" हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. मी कधीच मार खात नसे, कारण वर्गात माझा नंबर पहिला असायचा आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या बबनला मात्र रोज मिळायचा. बबन त्यांचा एकुलता एक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्या दिवशी आमच्या बाजूला गोळीबार झाला, त्या दिवशी तो रॉकेल आणायला नाक्यावर गेला होता. त्याचा मोर्चाशी काही संबंध नव्हता. आंदोलनात मेला असं लोक म्हणत, तेव्हा काकी चिडून सांगायची, "आंदोलनात नाय, रॉकेलात मेलो." त्यानंतर शेंगदाण्यांचा खेळ बंद झाला. काका कामावर जात, येत, जेवत. पण कुणी विनोद केला तर ते त्या माणसाकडे नुसते बघत राहत.

मी पुढे एका कॉलेजात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक पेपर असायचा, उद्याच्या भयाण जगाच्या कादंबऱ्यांचा. त्या कादंबऱ्यांत सरकार भिंतीतून बघतं, यंत्रं माणसांची मनं ओळखतात, दुःखी असणं हा गुन्हा ठरतो आणि सगळी प्रजा हसतमुख असते. दरवर्षी मुलांचा एक ठरलेला वाद व्हायचा. माणसाला चाबकाने गुलाम करतील की मिठाईने? मी त्यांना भांडू द्यायचे. आणि दरवर्षी कुणी तरी एक मुलगी, बहुतेक पहिल्या बाकावरची, विचारायचीच, "मॅडम, पण यातली माणसं आपल्याच माणसांना इतक्या सहज कशी पकडून देतात? मला नाही पटत." मी फळ्यावर मुद्दे काढून द्यायचे. भीती, प्रचार, यंत्रांची सत्ता. मुली ते उतरवून घ्यायच्या आणि त्यांना मार्क मिळायचे. खरं उत्तर मला अकराव्या वर्षापासून माहीत होतं, पण ते सांगायचं तर आधी मला माझी गोष्ट सांगावी लागली असती, आणि नोकरीत असेतोवर तेवढी हिंमत मला झाली नाही.

बबन गेल्यानंतर, मी अकरा वर्षांची असताना, गिरणीत नवे वेल्फेअर ऑफिसर आले. पुढे साहेब म्हणेन ते यांनाच. गोरेपान, बारीक चौकटीचा चष्मा, परदेशात शिकून आलेले, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध. ते कुणावर ओरडले असं मी कधी ऐकलं नाही. सुखी कामगार चांगलं कापड विणतो, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांनी कामगारांसाठी हॉल रंगवून घेतला, कॅरम आणले, रेडिओ बसवला, उन्हाळ्यात कोकम सरबत सुरू केलं. आणि साचेखात्याच्या दाराशी दोन पेट्या ठेवल्या. एक पांढरी, एक काळी. दर शनिवारी प्रत्येकाने आपला बिल्ला नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायची. आठवडा आनंदात गेला असेल तर पांढऱ्या पेटीत, दुःखात गेला असेल तर काळ्या. काळीत टाकणाऱ्याला साहेब ऑफिसात बोलावत, खुर्ची देत, सरबत देत आणि विचारत, "काय त्रास होतोय तुम्हाला?" एवढंच. पण साहेबाच्या ऑफिसात जाऊन आलेला माणूस म्हणजे जॉबरच्या डोळ्यांत सलणारा माणूस. त्याच्या साच्यावर मग नेमकं तुटकं सूत यायला लागायचं. दोन महिन्यांत गिरणीतले सगळे सुखी झाले. साहेबांनी त्याचा तक्ता काढून हॉलमध्ये लावला. लोक तो तक्ता बघून पोट धरधरून हसायचे, आणि साहेबांना वाटायचं, बघा, किती हसतायत!

एकटे गोविंदकाका दर शनिवारी काळ्या पेटीत चिठ्ठी टाकत राहिले. साहेबांनी त्यांना कितीदा बोलावलं. एकदा म्हणे साहेब अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "गोविंदराव, दुःख ही एक सवय असते. प्रयत्न केला तर सुटते." काका म्हणाले, "साहेब, माझो झील मेलो. निदान दुःख तरी माझ्याकडे रवांदे." साहेबांना ते समजलं की नाही कोण जाणे. त्यांच्या तक्त्यात मात्र तेवढा एक काळा ठिपका राहिला आणि तो त्यांना बोचत होता, हे आता माझ्या ध्यानात येतं. त्या कादंबऱ्यांतले हुकूमशहा वाचताना मला नेहमी वाटायचं, लेखकांनी यांना उगीच क्रूर केलंय. आमचे साहेब क्रूर नव्हते. त्यांना फक्त एकही माणूस दुःखी चालत नव्हता.

मग त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. नाव आधीच ठरलं होतं, 'सुखी कामगार'. मुंबईत आलेल्या पाहुण्यांना दाखवायचा, इतर गिरण्यांना दाखवायचा. एका हातात मावेल एवढा कॅमेरा घेऊन एक माणूस दोन दिवस साचेखात्यात फिरला. हसत राहा, एवढीच सगळ्यांना सूचना होती. सिनेमा मुका होता. आवाज नंतर वरून घालायचा होता, एक गाणं आणि साहेबांचं भाषण. मशीन चेहरा टिपतं, बोलणं टिपत नाही, हे एकदा कळल्यावर साचेखात्याला ऊत आला. माणसं कॅमेऱ्यात बघून गोड हसत होती आणि ओठांनी साहेबांची यथेच्छ टवाळी करत होती. कित्येकांनी तर आपलं रोजचं बोलणंसुद्धा थांबवलं नाही. कोण वाचणार होतं? साहेब लोक? त्यांना कानांनी ऐकायची सवय.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावून तो सिनेमा आधी आम्हाला दाखवला. बायका-पोरं सतरंजीवर, बाप्ये मागे उभे. पहिल्या रांगेत मी, कारण शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलांना साहेबांनी आपल्या खुर्चीशेजारी बसवलं होतं. प्रोजेक्टर घरघरायला लागला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि पडद्यावर आमचीच माणसं दिसायला लागली. पहिल्याच मिनिटाला हॉल फुटला. पडद्यावरचा एक जण हात जोडून हसत म्हणत होता, "ह्यो चष्मेवालो गाढव आमका सुखी करूक इलो." दुसरा म्हणत होता, "सरबतात साखर नाय, साहेबाच्या जिभेर आसा." बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. साहेबांचा चेहरा उजळला होता. अंधारात ते हळूच टाळ्या वाजवत होते. आणि मग पडद्यावर बाबा आणि गोविंदकाका आले, शेजारी शेजारी, आणि दोघांचीही तोंडं हलत होती. काकांच्या चेहऱ्यावर सूचनेप्रमाणे हसू होतं, बबन गेल्यापासूनचं मी पाहिलेलं पहिलं. बाबा म्हणत होते, "मोर्चाच्या दिशी बाराक मी साचो बंद करतंय. माझ्या मागसून सगळे करतीत." आणि काका म्हणत होते, "नको रे. तुझा चेडू ल्हान आसा. नको."

सगळा हॉल एकदम चिडीचूप झाला. संयुक्त महाराष्ट्राचा मोठा मोर्चा जवळ आला होता, आणि त्यासाठी गिरणी थांबवणं म्हणजे काय, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं. साहेब गोंधळले. माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "बाळ, मघाशी सगळे इतके का हसत होते? आणि आता का थांबले?" मला तोवर कुठल्याही मोठ्या माणसाने इतक्या अदबीने काही विचारलं नव्हतं. वर्गात प्रश्न आला की हात वर करायची सवय. मी म्हटलं, "ते बोलतायत ना! मला सगळं वाचता येतं." आणि पडद्यावर तेव्हा जो माणूस होता त्याचं वाक्य खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. ते साधं होतं, विडी मागणारं. आईने मागून येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर काळानिळा होता. पण साहेबांनी चष्मा काढला होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

घरी मला कुणी मारलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "आता गप रव." दुसऱ्या दिवशी साहेबांनी जॉबर लोकांना बोलावून विचारलं. सगळ्यांनी एकजात सांगितलं, साहेब, लहान पोरीचं काय मनावर घेता, असं ओठांवरून कुणाला वाचता येतं का? मग संध्याकाळी, बाबा पाळीवर आणि आई बाजारात असताना, साहेबांचा शिपाई आमच्या दारात आला. म्हणाला, साहेबांनी बक्षीस द्यायला बोलावलंय. मी वेणी नीट केली आणि गेले.

ऑफिसात टेबलावर प्रोजेक्टर मांडला होता. मला गादीची खुर्ची होती. सरबत होतं, क्रीमची बिस्किटं होती आणि चित्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, माझ्यासाठी. साहेब म्हणाले, "देवाने तुला केवढी देणगी दिली आहे, कल्पना आहे का तुला? ही माणसं मला मनातलं सांगत नाहीत. तू सांगशील. म्हणजे मला त्यांना मदत करता येईल." मी वाचायला सुरुवात केली. टवाळीची वाक्यं मी गाळली, हे सांगितलं पाहिजे. तेवढी अक्कल मला होती. पण बाकीचं मी घडाघडा वाचत होते आणि साहेब दर वाक्याला "वा!" म्हणत होते. मग बाबा आणि काका आले. साहेबांनी मशीन थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. "इथे हॉल गप्प झाला होता," ते म्हणाले. "काय बोलतायत हे?"

मी म्हटलं, मोर्चाच्या दिवशी बारा वाजता साचा बंद करायचं बोलतायत. सगळे करतील असं.

 साहेब अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, जो असं म्हणतो तो माणूस फार दुःखी असला पाहिजे. त्याला आपण विश्रांती देऊ. कामातून मोकळं करू. दोघांपैकी कोण म्हणतंय हे?"

गिरणीच्या चाळीतल्या मुलीला 'मोकळं करू' म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. मोकळं केलं की नोकरी गेली, आणि चाळ गिरणीची असल्यामुळे खोलीही गेली. पडद्यावर दोघांची तोंडं एकदमच हलत होती. साहेबांना काहीच कळणार नव्हतं. मला वाचता येत नाही, असं मी म्हणू शकले असते. रडू शकले असते. सरबत सांडून पळू शकले असते. गेली साठ वर्षं मी या यादीत एकेक भर घालत आले आहे. त्या वेळी मला यातलं काही सुचलं नाही, कारण साहेब माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, "गोविंदकाका म्हणतायत."

"आणि तुझे वडील?"

"ते म्हणतायत, नको रे."

साहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला अतिशय आनंद झाला. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला मला हे सांगायचं होतं. भीती नव्हती, कुणी धमकावलं नव्हतं. मी गादीच्या खुर्चीत बसले होते, बाप वाचला होता आणि मला शाबासकी मिळत होती.

काकांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. तुम्ही असं म्हणालात का, असं साहेबांनी विचारलं. सोबत बाबांनाही उभं केलं होतं. सबंध साचेखात्याने तो सिनेमा पाहिला होता, कोण काय म्हणालं हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली पाहिलं. काका म्हणाले, "होय, मीच म्हटलंय." आणि साचेखात्यातल्या एकाही माणसाने तोंड उघडलं नाही, आवाजाने नाही आणि ओठांनीही नाही. मोर्चाच्या दिवशी आमच्या गिरणीचे साचे बाराला चालूच होते, बाबांचेसुद्धा. संयुक्त महाराष्ट्र पुढे झालाच, आणि त्याचे पेढे साहेबांनीच हॉलमध्ये वाटले. सिनेमा मग कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवत होते. त्यात काकांचा चेहरा तसाच होता, हसरा, वर गाणं घातलेलं. माझी फी कॉलेज संपेपर्यंत गिरणीच्या कल्याण निधीतून भरली गेली.

साचेखात्यातले लोक त्यानंतर तोंडाला रुमाल बांधून काम करायला लागले. डॉक्टरने सांगितलंय, छातीत कापूस जातो, असं ते सांगत. नळावर मी गेले की बायका पाठ करायच्या. घरात आईबाबांचं भांडण होईनासं झालं. काही बोलायचं असलं की बाबा आधी तोंडापुढे हात धरायचे. पुढे ही सवय इतकी अंगात मुरली की मी नोकरीला लागल्यावर, माझ्या घरी येऊन चहा मागतानासुद्धा त्यांचा हात तोंडाशी जायचा.

काकांनी खोली सोडली तो रविवार होता. दुपारची वेळ. खाली हातगाडी उभी होती, तिच्यावर एक ट्रंक, गाद्यांची वळकटी आणि बबनची शाळेची पेटी. चाळीतून मदतीला कुणी उतरलं नव्हतं. काका एक फेरी करत आणि काकी एक. जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती आणि आत आम्ही जेवायला बसलो होतो. बांगड्याचं तिखलं होतं. आई वाढत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकाच हाताने. बाबांनी भात कालवला, पण घास उचलला नाही. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माझा बोलणा त्याच्या तोंडात घातलंस?"

मी म्हटलं, "होय."

मला वाटलं, आता ताट भिरकावतील. आता उठतील, खाली जातील, काकांचा हात धरतील आणि साहेबांच्या बंगल्यावर जाऊन खरं काय ते सांगतील. आई वाढायची थांबली होती. तिलाही बहुतेक तेच वाटलं असावं. जिन्यावर काकी धापा टाकत वर येत होती. बाबांनी बराच वेळ ताटाकडे पाहिलं. मग आपल्या ताटातला बांगड्याचा मधला जाड तुकडा, जो आमच्या घरात फक्त कमावत्या माणसाला मिळायचा, त्यांनी उचलला आणि माझ्या भातावर ठेवला.

"खा," ते म्हणाले.

मला भूक लागली होती. मी तो काटे काढून, सावकाश, पूर्ण खाल्ला, आणि तो मला फार आवडला.